आईसाठी वॉकर आणि ढकलायची खुर्ची एकातच असलेलं उपकरण घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: आई 76 वर्षांच्या, उंची चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघ्यांची झीज. घरात भिंतीला, टेबलाला हात लावत फिरतात. खाली उतरल्या की कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत बऱ्यापैकी जातात, पण परतताना पाय उचलत नाहीत. सोबतीला 80 वर्षांचे बाबा. तुम्ही ऑनलाइन एक परदेशी उपकरण पाहिलंय: चालताना रोलेटर (म्हणजे पुढे ढकलत चालायचा, हँडल-ब्रेक असलेला चाकांचा वॉकर), दमल्यावर बसवून ढकलायची खुर्ची. किंमत वीस हजारांच्या घरात, आणि घ्यायचं की नाही हे ठरत नाहीये.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे ही उपकरणं वापरात आणि माळ्यावर अशी दोन्हीकडे पाहिली आहेत. आई जशा आहेत, म्हणजे जाताना चालतात आणि येताना थकतात, अगदी त्याच माणसासाठी ही कल्पना निघाली आहे. तेव्हा कल्पना योग्य आहे. तुम्ही पाहिलेलं मॉडेल मात्र त्यांच्यासाठी बहुधा योग्य नाही, आणि त्याचं कारण उंची.

चार चाकांचा रोलेटर मुळात स्वीडनमधला. आइना विफाल्क नावाच्या बाईंनी 1978 मध्ये तो कल्पिला. त्यांना स्वतःला पोलिओ होऊन गेला होता. आज बाजारात दिसणारी बरीच मॉडेल्स अजूनही त्याच बाजूच्या माणसांच्या मापाची आहेत. आपल्याकडच्या साडेचार-पाच फुटी आज्या त्या मापात बसत नाहीत, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

माप घरीच घ्या. आईंना रोजच्या बाहेरच्या चपला घालून सरळ उभं करा, हात बाजूला मोकळे सोडायला सांगा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. हँडल तिथे यायला हवं. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, वीस-तीस अंश. चार फूट दहा इंच उंचीच्या बाईचं हे माप 28-29 इंचांच्या आसपास निघतं. खुर्ची होणाऱ्या अनेक रोलेटरचं हँडल सगळ्यात खालच्या खाचेवर ठेवलं तरी 31-33 इंचांवर राहतं. दोन-तीन इंचांनी काय होतंय, असं वाटेल. होतं असं की खांदे कानाकडे चढतात, हातांवर भार देता येत नाही, मान-पाठ दुखायला लागते, आणि पंधरा दिवसांत आई म्हणतात, 'मला नको ते, मी तुझा हात धरूनच येते.' आई हट्टी असतात म्हणून नव्हे, माप चुकलेलं असतं म्हणून.

दुसरं माप बैठकीचं. खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या खळगीपासून तळपायापर्यंत मोजा, चपलेसह. आईंचं 15-16 इंच भरेल. बैठक त्याहून इंच-दोन इंच वर चालते, गुडघे दुखत असतील तर थोडी उंच बरी पडते कारण उठणं सोपं जातं. पण 20-21 इंचांची बैठक असेल तर पाय लोंबकळतात, बसताना टाचा उचलून मागे सरकावं लागतं आणि उतरताना पाय जमिनीला लागण्याआधी शरीर पुढे घसरतं. वजनाची मर्यादा बहुतेक उपकरणांवर 136 किलो लिहिलेली असते, ती बघून लोक निश्चिंत होतात. पण आईंचा धोका वजनाचा नाहीच.

आता ब्रेक. हँडलखालची पट्टी वर ओढली की चाक मंदावतं, खाली दाबली की कुलूप लागतं. दाबून कुलूप लावायला बोटांत बऱ्यापैकी जोर लागतो. आईंच्या अंगठ्याचे सांधे सुजत असतील तर दुकानात सलग चार-पाच वेळा लावून-काढून दाखवायला सांगा, एकदा जमलं यावर जाऊ नका. बसण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे हे प्रत्येक वेळी लक्षात राहायला हवं. विसरभोळेपणा वाढला असेल, निदान झालेलं असो वा नसो, तर चार चाकांवरची बैठक धोक्याची आहे. माणूस बसायला जातो आणि गाडी मागे सरते. पार्किन्सन असलेल्यांचंही असंच: पावलं आपोआप घाईची होतात आणि रोलेटर पुढे पळतो. त्यांच्यासाठी वेगळ्या ब्रेकची उपकरणं असतात, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लगेच, जेव्हा हातांवर खरा भार टाकायचा असतो, तेव्हा चार चाकं नकोतच. तिथे साधा चार पायांचा वॉकर किंवा फक्त पुढे दोन चाकं असलेला.

खुर्ची कशी होते तेही समजून घ्या, कारण जाहिरातीतल्या व्हिडिओत हा भाग दोन सेकंदांत उरकतात. रोलेटर म्हणून वापरताना आई हँडलच्या बाजूला उभ्या असतात. दमल्यावर ब्रेक लावून, वळून तिथेच बसल्या तर त्यांचं तोंड मागच्या दिशेला असतं. असं टेकायला हरकत नाही, पण त्या अवस्थेत ढकलायचं नाही. ढकलण्यासाठी पाठीचा पट्टा हँडलच्या बाजूला उलटवायचा, पुढचे फुटरेस्ट (पाय ठेवायच्या पट्ट्या) उघडायचे आणि आईंनी वळसा घालून पुढच्या बाजूने येऊन बसायचं. म्हणजे सगळ्यात दमलेल्या क्षणी, हातात काहीच नसताना, रस्त्यात तीन-चार पावलं. तेवढा वेळ त्यांना कोण धरणार? एका हाताने बाबा त्यांना धरणार आणि दुसऱ्या हाताने पट्टा उलटवणार, हे जमेल का, ते घरात करून बघा. माझा सल्ला: आधी आईंना सोसायटीच्या कट्ट्यावर नाहीतर देवळाच्या पायरीवर बसवायचं, मग सावकाश खुर्ची तयार करायची, मग त्यांना उठवायचं.

इथेच एक गोष्ट ठासून सांगते. ज्या रोलेटरला फुटरेस्ट नाहीत, त्याच्या बैठकीवर बसवून कुणालाही ढकलू नका. पाय जमिनीवर घासतात, एखादं पाऊल चाकाखाली किंवा खाली दुमडून जातं आणि सगळंच पालथं होतं. उत्पादक माहितीपत्रकात हे बजावून सांगतात, तरीही संध्याकाळच्या बागेत मला हे दृश्य दिसतंच. नातू आजीला ढकलतोय, आजी पाय उचलून हसतेय, आणि माझा जीव वरखाली.

चाकं कमीत कमी आठ इंची घ्या, पुढची दहा इंची मिळाली तर उत्तम. पाच-सहा इंचांची चाकं मॉलच्या फरशीवर छान पळतात आणि आपल्या पेव्हर ब्लॉकच्या पहिल्याच फटीत अडकतात. गटाराच्या जाळ्या, उखडलेले झाकणांचे काठ, गतिरोधक, हे सगळं आईंच्या देवळाच्या वाटेवर किती आहे ते तुम्हीच एकदा मुद्दाम बघत चालून या. वाट फारच वाईट असेल तर कुठलीही चाकं उपयोगाची नाहीत. अशा वेळी रिक्षाने बागेपर्यंत जाऊन तिथल्या सपाट वाटेवर चालणं परवडतं. खुर्ची उतारावरून नेताना ढकलणाऱ्याने उतरणीकडे पाठ करून, उलटं, सावकाश उतरायचं. बाबांचं वय बघता मोठा उतार असेल तर त्यांनी एकट्याने नेऊच नये.

बाबांवरून आठवलं. अशी उपकरणं साधारण आठ ते चौदा किलोंची असतात, आणि ती डिकीत उचलून ठेवणारा माणूस तुमच्या घरात 80 वर्षांचा आहे. घडी घातल्यावर उभी राहते का, ते बघा. गाडीला सीएनजी असेल तर डिकीत सिलिंडर असतो, मग उरलेल्या जागेचं माप घेऊनच दुकानात जा. लिफ्टचं दार आणि घरातली दारंही मोजा. जुन्या इमारतींत बाथरूमचं दार दोन-सव्वादोन फुटांचं असतं आणि रोलेटरची रुंदी तेवढीच किंवा जास्त. ते आत जात नाही तेच बरं, खरं तर. ओल्या फरशीवर चाकं नकोतच. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्क्या बसवलेल्या आधाराच्या दांड्या हव्यात. घरातलं भिंत धरून चालणं हा माझ्या दृष्टीने देवळापेक्षा तातडीचा प्रश्न आहे, तेव्हा खर्चाचा पहिला हप्ता दांड्यांवर घाला.

घरीच करता येण्यासारखी एक चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीत आईंना बसवा, तीन मीटरवर खडूने रेघ मारा. उठून रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने, काठी वापरत असतील तर काठीसह. तुम्ही शेजारी राहा आणि मोबाइलवर वेळ लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. तसं असेल तर खरेदीआधी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. उभं राहताक्षणी चक्कर येत असेल तर डॉक्टरांकडे जा. उठल्यावर रक्तदाब उतरणं किंवा एखाद्या गोळीचा परिणाम असू शकतो, त्यावर वॉकर हा इलाज नाही.

पैशांचं थोडक्यात. दवाखाना, विमानतळ, मोठी रेल्वे स्थानकं इथे व्हीलचेअर मिळते, त्यामुळे केवळ त्यासाठी वीस हजार घालू नका. मला विचाराल तर आधी ज्येष्ठ नागरिक संघ किंवा रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करा. अनामत ठेवून वॉकर आणि व्हीलचेअर नाममात्र भाड्याने मिळतात. महिनाभर साधा, नीट मापाचा रोलेटर वापरून बघा. त्यावरच बसून विसावा घेत आई परत येऊ शकल्या, तर ढकलायच्या खुर्चीची गरजच नाही, आणि साधा रोलेटर हलका, स्वस्त आणि ठेंगण्या मापातही सहज मिळतो. विसावा घेऊनही येता आलं नाही, तरच जोड-उपकरण. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, 65 वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच 3,000 रुपये देणारी. त्यात साधा वॉकर येतो, हे नाही.

जोड-उपकरणच घ्यायचं ठरलं तर ॲल्युमिनियमचं घ्या, आपल्या पावसात लोखंडी सांधे गंजतात. पट्टा उलटवायची खटकी आईंना नव्हे, बाबांना लावून-काढून बघायला सांगा. ब्रेकची तार सैल होते, ती महिन्यातून एकदा बघायची. चाकांच्या आसात केस आणि साडीचे धागे गुंडाळले जातात, ते काढायचे. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हँडलची कमीत कमी उंची विक्रेत्याला लिहून विचारा, नुसतं 'उंची कमी-जास्त करता येते' एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका. तुमची मापं इथे टाकलीत तर कोणतं बसेल ते मी सांगू शकेन.