वाळा आगरात पसरेल का? घरामागच्या दरडीसाठी ठोंब घेण्याआधी

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. गुहागरकडे तुमच्या घरामागची लाल मातीची दरड दर पावसाळ्यात थोडी थोडी उतरते, तिथे वाळा चालेल का? शेजाऱ्यांनी दिलेला ठोंब खरंच वाळ्याचा आहे का? आणि हे गवत उद्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, शिरून रान तर माजवणार नाही ना? शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ठोंब कुठला घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

गवत पसरायला एकतर बी लागतं, नाहीतर धावतं खोड. हरळी जमिनीवरून धावते, लव्हाळा जमिनीखालून गाठी करत जातो. वाळ्याला धावतं खोड नाही. फुटवे मुळाशीच येतात आणि ठोंब जागच्या जागी रुंदावत जातो. राहिलं बी. उत्तर भारतात नदीकाठच्या पाणथळ जागी आपोआप उगवणारा वाळा फुलतो आणि त्याचं बी रुजतं. दक्षिणेत सुगंधी मुळांसाठी पिढ्यान् पिढ्या लावलेला वाळा मात्र क्वचितच फुलतो, आणि फुलला तरी बी जवळजवळ धरत नाही. त्याचे फुटवे काढूनच लावावे लागतात. हैती, रियुनियन, जावा, फिजी इथवर तो पोचला तोही माणसाच्या हातून. जनुकीय तपासणीत तर बाहेरच्या देशांतल्या बहुतेक लागवडी या एकाच बिनबियांच्या वाणाच्या निघाल्या.

म्हणून शेजाऱ्यांना एवढंच विचारा, की त्यांच्या जुन्या ठोंबाभोवती कधी रोपं उगवलेली दिसली का. उत्तर ‘नाही’ असेल तर आगराची काळजी सोडा. उगवत असतील तर तो ठोंब दरडीवर नको. वहाळाच्या काठावर तर मुळीच नको, पाणी बी खाली नेतं.

आता ओळख. हे बहुवर्षायू गवत ज्वारी आणि उसाच्या कुळातलं. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जुन्या पुस्तकांत व्हेटिव्हेरिया सापडेल, झाड तेच. सगळ्यात आधी बुंधा बघा. खालची पानं एकमेकांना चिकटून चपटी, पंख्यासारखी मांडलेली असतात. पाती अरुंद, ताठ, मीटरभर लांब, कडेवरून बोट फिरवलं तर खरखरीत. तुरा आलाच तर माणसाच्या छातीच्या वर जातो: उभा, जांभळट, दांड्याभोवती वेढ्यावेढ्याने फुटलेल्या बारीक फांद्या. त्यावर कणिशकं, म्हणजे गवताच्या फुलांचे बारीक घटक, जोडीने बसतात, एक बिनदेठाचं आणि एक देठाचं. बिनदेठाच्या कणिशकात स्त्री आणि पुं दोन्ही भाग असतात, देठाच्यात फक्त पुंकेसर. भिंग असेल तर बाहेरच्या सालीवर बारीक काटे दिसतील.

पण एवढ्या खटाटोपाची गरज नाही, पान चुरगळून वास घ्या. वास आला तर तो गवती चहा किंवा रोशा. वाळ्याचं पान बिनवासाचं, वास फक्त मुळांना. मुळं सुगंधी पण देठ तिधारी, तर तो नागरमोथा, आणि तो आगरात येऊ देऊ नका.

मुळं सरळ खाली जातात, आजूबाजूला फारशी नाहीत. म्हणून शेजारच्या झाडांचं अन्न तो फार ओरबाडत नाही. भुसभुशीत खोल मातीत ती २ ते ३ मीटर उतरतात. वरून माती वाहून येऊन ठोंबावर साचली तर गाडलेल्या पेरांतून नवी मुळं फुटतात आणि गवत मातीबरोबर वर चढतं. काही वर्षांत ओळीमागे आपोआप पायरी तयार होते. मला या गवताचं सगळ्यात कौतुक वाटतं ते याचंच. सिमेंटचा बांध स्वतःहून उंच होत नाही.

कोकणात सगळीकडे मात्र तो सारखा येत नाही. सड्यावर वीतभर मातीखाली कातळ; तिथे मुळांनी जायचं कुठे? खाऱ्या जमिनीत तो बराच तग धरतो, पण भरतीचं पाणी रोज शिरतं तिथे लावून फुटवे वाया घालवू नका. आणि सावली त्याला अजिबात सोसत नाही. माड-पोफळीखाली तो विरळ पडून मरतो, हीसुद्धा आगरासाठी चांगलीच बातमी. दरडीवर आंब्या-फणसाची दाट सावली असेल तर आधी फांद्या कमी करा.

लावताना उताराला आडव्या ओळी, एका पातळीत. ओळीत दोन रोपांमध्ये १० ते १५ सेंटिमीटर. लोक इथे काटकसर करतात आणि मग फटींतून पाणी जाऊन घळ पडते. रोपात दोन-तीन फुटवे, पाती वीतभर ठेवून छाटलेली. मृगाच्या पहिल्या सरींना लावा, म्हणजे जुलैच्या झोडपणाऱ्या पावसाआधी मुळं धरतात. पहिल्या वर्षी गुरांपासून राखा, कारण कोवळी पाती ती आवडीने खातात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वाळा वरची माती धरतो, धूप थांबवतो. २०२१च्या जुलैत महाड-पोलादपूरकडे उतरल्या तशा दरडी गवताने थांबत नाहीत. तुमच्या दरडीच्या माथ्यावर भेगा दिसत असतील किंवा झाडं कलली असतील तर रोपं बाजूला ठेवा आणि आधी जाणकार अभियंत्याला दाखवा. माथ्यावरचं पाणी चर खणून बाजूला काढणं तर दोन्ही परिस्थितीत करावंच लागेल.

माठात टाकायला मुळं हवीत म्हणून दरडीवरचे ठोंब खणू नका, घरच्यांनाही बजावून ठेवा. त्यासाठी अंगणात उन्हाच्या जागी, वाळू मिसळलेल्या मातीत दोन-चार ठोंब वेगळे लावा. दीड वर्षाने मुळं काढण्याजोगी होतात, आणि वाळूतून ती अखंड निघतात.