मनसुब्यात ‘मन’ नाही

‘पूर्वनियोजन’ बरोबर की ‘आगाऊ नियोजन’, आणि बेत, तरतूद, मनसुबा हे शब्द त्याच अर्थाने वापरता येतील का, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. पहिल्या दोन्ही प्रयोगांतला अर्धा शब्द फुकट गेलेला आहे, कारण नियोजन हे काम सुरू होण्यापूर्वीच करायचे असते. ‘आगाऊ’ हे विशेषण घेतलेल्या रकमेला आणि उद्धट पोराला राहू द्यावे. ‘पूर्वनियोजित कट’ हीसुद्धा तीच द्विरुक्ती आहे, कारण आयत्या वेळी कट शिजत नाही. बेत हा लहान, घरगुती आणि मोडला तरी चालणारा असतो. तरतुदीसाठी पैसा, धान्य किंवा माणसे प्रत्यक्ष बाजूला काढून ठेवावी लागतात. एवढे सांगितले की या शब्दांबाबत फारसे उरत नाही.

खरा अन्याय चालला आहे तो मनसुब्यावर. हल्लीच्या बातम्यांत मनसुबे फक्त शत्रूचे आणि अतिरेक्यांचे असतात, आणि तेही केवळ उधळले जाण्यासाठी. मराठेशाहीच्या कागदपत्रांत मात्र आपल्याच बाजूचे कारभारी मोहिमेचा मनसुबा करीत, आणि ‘मनसुबी’ म्हणजे तर चक्क न्यायनिवाडा. या शब्दाची ‘मनातला सुभा’ अशी फोड मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवली जाते. ती ऐकवणाऱ्यांनी सुभ्याच्या ‘भ’चा ‘ब’ का झाला, एवढे तरी स्वतःला विचारायला हवे होते.

शब्द अरबी आहे आणि फारसीतून आपल्याकडे आला. न-स-ब या धातूचा अर्थ उभे करणे, मांडणे. त्यावरून ‘मन्सूबा’ म्हणजे मांडलेली गोष्ट. शतरंजच्या जुन्या जाणकारांनी हे नाव पटावर मोहरी मुद्दाम मांडून घातलेल्या कोड्याला दिले: डाव इथवर आला आहे, खेळी तुमची आहे, आता मात करून दाखवा. नवव्या-दहाव्या शतकांत अल-आदली आणि अस-सूली या खेळाडूंनी अशी कोडी जमवली. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या मन्सूब्याच्या कथेत एक उमराव आपली लाडकी पत्नी दिलाराम हिलाच पणाला लावतो, आणि हरायची वेळ येते तेव्हा तीच त्याला सुचवते की दोन्ही रुख (आपण ज्यांना हत्ती म्हणतो ते) दे, पण दिलारामला देऊ नकोस. तो रुखांचा बळी देतो आणि मात करतो. मनसबदाराची मनसब याच धातूची, आणि गंमत म्हणजे नसीबही त्याच धातूचे, कारण त्याचा मूळ अर्थ वाट्याला आलेला हिस्सा.

माझे मत असे आहे की मराठीने या शब्दाबरोबर तो पटही जपला आहे. हिंदीत मंसूबे बांधतात. आपण ते रचतो, जशी मोहरी रचावी तसे, आणि प्रतिपक्ष ते उधळतो, जसा मांडलेला पट उधळावा तसा. कटही रचला जातो आणि उधळला जातो, मग पटाचा संबंध काय, असा आक्षेप येईल. त्यावर माझे उत्तर असे की कटाने ही क्रियापदे मनसुब्याकडूनच उसनी घेतली असावीत, आणि याहून बरा खुलासा कोणी दिला तर तो मी आनंदाने ऐकेन.

परकीय म्हणून हा शब्द काढून टाकावा आणि तिथे ‘योजना’ लावावी, असे सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांशी मात्र माझे मुळीच जमत नाही. योजना समोर कोणी नसतानाही करता येते, घरकुलाची किंवा पाणीपुरवठ्याची. मनसुब्यात समोरच्याची पुढची खेळी आधीच हिशेबात धरलेली असते. त्यामुळे पावसाळी सहलीचा मनसुबा रचला असे लिहिणाऱ्याने पटाच्या पलीकडे कोण बसले आहे ते आधी सांगावे. अविश्वासाचा ठराव, लिलावातली बोली किंवा किल्ल्याचा वेढा असेल तर हा शब्द निःसंकोच वापरावा, मग तो रचणारा आपल्या बाजूचा का असेना.