लाइन आली की सगळे एकदम बोलतात

(या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, गावातच राहून, शेतपंपांच्या मोबाइल स्टार्टरसाठी सर्व्हरचं काम करतात.)

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जावा आणि पायथॉन येतं. तुमचं काम इलिक्सिरमध्ये आहे असं वाचलं. आमच्याकडे हे नाव कोणी घेत नाही. सगळं जग जावा-पायथॉनवर चालत असताना लोक अशी आडवाटेची फंक्शनल भाषा काहून धरतात? फास्ट आहे म्हणून का?
– एक विद्यार्थिनी, दारव्हा

उत्तर : फास्ट आहे म्हणून नाही, हे आधीच सांगून टाकते. नुसती आकडेमोड करायची असेल तर इलिक्सिर सी किंवा रस्ट या भाषांच्या आसपासही पोचत नाही. कारण वेगळं आहे, आणि ते माझ्या कामातूनच सांगते.

आमचा डबा मोटारीच्या स्टार्टरला बसतो. आत सिमकार्ड. शेतकरी घरून फोनवर मोटार चालू-बंद करतो, तिन्ही फेजचं व्होल्टेज पाहतो. शेतीच्या फिडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून येणाऱ्या वीजवाहिनीवर, थ्री फेज ठरावीक तासच असते, कधी दिवसा, कधी रात्री. लाइन गेली की डबे मुके. लाइन आली की त्या फिडरवरचे सगळे डबे मिनिटा-दोन मिनिटांत एकदम सर्व्हरला हाक मारतात : मी आलो, आर इतका, वाय इतका, बी इतका (ही तीन फेजची नावं). त्याच वेळी मालकही फोन घेऊन बसलेला असतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, रात्रीची लाइन आहे, थंडी आहे, त्याला वावरात जायचं नाही. मोटार सुरू झाली की नाही ते त्याला आत्ता कळायला पाहिजे.

या प्रत्येक डब्याचं स्वतःचं काही चालू असतं. मोटार सुरू की बंद, टायमरची किती मिनिटं उरली, शेवटचं व्होल्टेज काय होतं. इलिक्सिरमध्ये मी एका डब्याला एक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारं एक छोटं काम, देते. ही ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेस नाही. इलिक्सिर ज्या बीम नावाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते, तिची स्वतःची हलकी प्रोसेस. जन्मतः ती अडीच-तीन किलोबाइट जागा घेते, म्हणून एका साध्या सर्व्हरवर लाखभर सहज राहतात. तू शिकलेल्या जावात अशा कामाला थ्रेड म्हणतात; नेहमीच्या एका थ्रेडसाठी लिनक्सवर साधारण एक मेगाबाइट मेमरी (स्टॅक) राखून ठेवतात. फरक तूच काढ.

पण एवढ्यावर हुरळू नकोस. हलके थ्रेड गो भाषेत २००९ पासून आहेत, जावातही २०२३ च्या २१ व्या आवृत्तीपासून व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. कोणी तुला ‘इलिक्सिर घे, लाखो प्रोसेस मिळतात’ एवढंच सांगितलं तर त्याचं ज्ञान जुनं आहे समज. मी इथे टिकले ते प्रोसेसच्या मधल्या भिंतींसाठी. एका प्रोसेसची मेमरी दुसरीला दिसत नाही, तिच्या वापरून झालेल्या मेमरीचा कचरा साफ होतो तोही वेगळा. बोलायचं असेल तर संदेश पाठवायचा, बस. एकदा तयार झालेली किंमत बदलत नाही, त्यामुळे मी वाचत असताना कोणी मागून आकडा बदलला, मग एका वेळी एकालाच हात लावू देणारं लॉक लावा, मग दोन लॉक एकमेकांत अडकले, हा सगळा उपद्व्याप नाही. या वळणालाच ‘फंक्शनल’ म्हणतात; तो शब्द ऐकून लोकांना गणिताचा पेपर आठवतो. इथे त्याचा उपयोग अगदी रोकडा आहे.

आता बिघाडाकडे ये. स्टार्टरच्या पेटीत पाल शिरते, पावसाचं पाणी जातं, नेटवर्क अर्धवट असतं. मग डबा भलतेच बाइट पाठवतो. माझ्या कोडमध्ये पॅकेटचा साचा लिहिलेला आहे : पहिले इतके बाइट डब्याचा नंबर, पुढचे आर, मग वाय, मग बी. बाइटच नव्हे, बिटपर्यंत असं सोलून घ्यायची सोय भाषेतच आहे. तीनपैकी एक फेज शून्य असेल तर त्यासाठी फंक्शनचा वेगळाच तुकडा लिहिलेला, आणि त्याचं काम एकच : मोटार बंद कर, नाहीतर जळेल. कोणत्याच साच्यात न बसणारं काही आलं तर त्या डब्याची प्रोसेस मरते. मरू द्यायची. मी तिथे सतरा ठिकाणी एरर झेलणारा कोड लिहीत बसत नाही. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) प्रत्येकाची किटकॅट, म्हणजे फ्यूज, वेगळी असते ना, एकाची उडाली तर त्याचीच मोटार थांबते; तसंच हे. फक्त इथे नवी किटकॅट घालायला रात्री खांबापाशी कोणी जात नाही. ते काम एरवी सुपरव्हायझर नावाची दुसरी प्रोसेस करते. तिला एवढंच माहीत : कोण माझ्या हाताखाली आहे, आणि मेलं तर काय करायचं.

इथे एक बारकी गोष्ट, जी सुरुवातीच्या धड्यांत घाईने उरकतात. सुपरव्हायझर किती वेळा उठवेल याला मर्यादा असते. इलिक्सिरमध्ये ठरवून दिलेलं नसेल तर ५ सेकंदांत ३ वेळा. त्याहून जास्त मरणं झाली की तो स्वतः मरतो आणि प्रकरण वरच्या सुपरव्हायझरकडे जातं. विचार चांगला आहे, कारण एकाच ठिकाणी सारखं मरण म्हणजे दोष वर कुठेतरी असणार. पण हजारो डबे एका सुपरव्हायझरखाली असतील तर एक बिघडलेला डबा सारखा मरून सगळ्यांना खाली ओढेल. म्हणून डब्यांच्या प्रोसेसना मी ‘टेम्पररी’ ठेवते, म्हणजे मेली तर सुपरव्हायझर तिला उठवत नाही. डबा पुन्हा जोडला गेला की नवी प्रोसेस जन्मते.

हे सगळं इलिक्सिरने शोधलेलं नाही. खाली एर्लांग ही जुनी भाषा आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली. नाव डेन्मार्कच्या आग्नर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाचं. किती ग्राहकांना किती लाइनी पुरतील याचं गणित त्याने मांडलं, पहिला निबंध १९०९ चा. एक्स्चेंजची गरज बघ : एकाच वेळी हजारो कॉल, एखादा तुटला तर चालेल, एक्स्चेंज बंद पडलेलं चालणार नाही. माझ्या फिडरची गरज तीच. गंमत म्हणजे १९९८ मध्ये एरिक्सनच्याच एका विभागाने नव्या प्रॉडक्टसाठी एर्लांगवर बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती ओपन सोर्स झाली. आपल्याला फुकट मिळाली ती अशी.

एक्स्चेंजच्या काळापासूनचा आणखी एक गुण म्हणजे वाटणी. बीम प्रत्येक प्रोसेसला काही हजार फंक्शन कॉलपुरता वेळ देतं, मग तिची इच्छा असो-नसो, दुसरीला बसवतं. नोडजेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतात ते) एखादं फंक्शन लांबलं तर मागचे सगळे खोळंबतात. इथे महिन्याचा रिपोर्ट बनत असतानाही ‘मोटार बंद’चा निरोप वेळेत जातो.

व्हॉट्सअ‍ॅप एर्लांगवर उभं राहिलं हे तू ऐकलं असशील. २०१२ मध्ये त्यांनी एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त जोडण्या धरल्या होत्या, आणि २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी घेतली तेव्हा ४५ कोटी वापरणारे आणि ३२ इंजिनिअर होते. मला यातला दुसरा आकडा मोठा वाटतो. आमच्याकडे तर इंजिनिअर बोटांवर मोजण्याइतके, त्यातले अर्धे डबे बसवायला बाहेर.

चालू प्रोग्राममध्ये जोडण्या न तोडता नवा कोड चढवता येतो, याचाही गाजावाजा असतो. येतो खरा, पण निगुतीने करायचं काम आहे. बहुतेक फिडरांची लाइन बंद असते ती वेळ मी गाठते आणि सरळ रिस्टार्ट करते.

आणि उणं? जड गणित सी किंवा रस्टमध्ये लिहून आत जोडता येतं, पण तो जोडलेला कोड कोसळला तर भिंती-बिंती काही नाही, अख्खं बीम पडतं. दुसरं, सगळ्यांनी एकाच प्रोसेसला संदेश पाठवायचे असं रचलं तर तिची संदेशांची पेटी भरत जाते आणि मेमरी संपेपर्यंत भाषा तुला अडवत नाही. लॉक गेले म्हणून रांगा गेल्या असं नाही.

प्रश्न : मुलगी म्हणते ही भाषा शिकते. आम्ही सोयाबीनवाले, कर्ज काढून शिकवलं. नोकरी लागेल काय यानं?
– एक पालक, राळेगाव

उत्तर : काका, फक्त याच्यावर लवकर लागेल असं मी म्हणणार नाही. नागपूर-पुण्याच्या जाहिरातींत जावा, पायथॉन, जावास्क्रिप्टच जास्त दिसतं. इलिक्सिरची कामं थोडी, आणि त्यांना बहुतेक अनुभवी माणूस लागतो. कॅम्पससाठी तिला जावाच पक्कं करू द्या. हे दुसरं म्हणून शिकली तर मात्र अडवू नका. बाकीच्या भाषांतही हात सुधारतो.

प्रश्न : एर्लांग शिकू की इलिक्सिर? लॅपटॉप जुना आहे, ४ जीबीचा, आणि गावात नेट येतं-जातं.
– एक वाचक, आर्णी

उत्तर : इलिक्सिर. ब्राझीलच्या जोझे वालिम यांनी २०११ पासून घडवली, १.० आवृत्ती २०१४ ची. लिहायला मोकळी, आणि वेबसाइट बनवायला फिनिक्स ही तयार चौकट आहे. एर्लांग निदान वाचता येईल इतकी शिका, कारण खोलातल्या एरर तिच्याच वळणाने छापून येतात. ४ जीबी भरपूर झालं. पहिल्या दिवशी आयईएक्स (इलिक्सिरच्या ओळी टाइप करून लगेच चालवून बघायची खिडकी) उघडून लाखभर प्रोसेस जन्माला घाला, मग एक छोटा सुपरव्हायझर लिहून ऑब्झर्व्हर सुरू करा. त्यात प्रोसेसचं झाड दिसतं. माउसने एखादी मारा आणि नवी कशी उगवते ते पाहा. नेटची चिंता नको. आयईएक्समध्ये ‘एच’ लिहून पुढे फंक्शनचं नाव दिलं की माहिती तिथेच उघडते. भाषा एकदा उतरवून घ्यायला तेवढं नेट लागेल, ते तालुक्याला गेलात की करून या.