कालवडीचं दूध कधी तोडायचं? दिवस मोजू नका, दाणा मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोठ्यात तीन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाई, त्यातल्या एकीची कालवड अडीच महिन्यांची. शिवाय एक खिलार आणि तिचा चार महिन्यांचा गोऱ्हा. घरचे म्हणतात, दोन महिने उलटले, आता वासराचं दूध बंद करा आणि डेअरीला घाला. तुमचं मन होत नाही. आणि मुक्त गोठ्यात वाढल्यामुळे कालवड माणूस दिसला की कोपरा धरते. तुम्ही हे दोन प्रश्न म्हणून विचारलंत, पण मला ते एकच वाटतात. दूध चालू आहे तोवर तिला माणसाळवून घ्या, मग दूध तोडा. दूध एकदा बंद झालं की तिला तुमच्याजवळ यायचं मोठं कारणच राहत नाही.

आधी दुधाचं सांगतो. वासरू पितं ते दूध कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात, जात नाही, पन्हळीतून गेल्यासारखं थेट चौथ्या पोटात उतरतं. कोटीपोट वाढतं ते दाण्यामुळे. दाणा तिथे आंबतो, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांनी आतलं अस्तर तयार होतं, आणि ते तयार झाल्यावरच चारा अंगी लागतो. दाणा आंबायला पाणी लागतं. पाणी कोटीपोटात जातं, दूध जात नाही. म्हणून ‘दूध पितंय की, पाणी कशाला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाण्याची वेगळी बादली हवीच.

मी नवीन असताना कॅलेंडरवर खूण करून बरोबर साठाव्या दिवशी एका कालवडीचं दूध बंद केलं होतं. तेव्हा ती दिवसाला जेमतेम दोन मुठी दाणा खायची. महिनाभरात केस उभे राहिले, पोट सुटलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. भूक लागायची म्हणून ती कडबा भरत होती, पण तो पचवणारं पोट तयारच नव्हतं. ती पहिल्यांदा माजावर आली तेव्हा तिच्याच वयाची दुसरी कालवड गाभण राहून चार महिने झाले होते. दिवसाला चार लिटर धरले तरी मी महिन्याचं १२० लिटर दूध वाचवलं आणि तिला कितीतरी महिने जास्तीचं बसून खाऊ घातलं. घरात हिशेबाचा विषय निघाला तर हा हिशेब मांडा.

आता तुमच्या कालवडीचं. ती सलग तीन दिवस रोज किमान एक किलो काफ स्टार्टर (लहान वासरांसाठीचा खास दाणा) संपवत असेल तर दूध तोडायला तयार आहे. अंदाजाने धरू नका. एक डबा ठरवा, तो भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा वजन करा, मग रोज त्याच डब्याने घाला आणि उरलेलंही मोजा. दुसरी खूण वजनाची, जन्माच्या दुप्पट तरी हवं. काटा नसेल तर टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ३७ आणि लांबी ३३ आली तर साधारण ६८ किलो. जन्मताना ३० किलोची असेल तर उत्तम.

दुभत्या गाईंचं पशुखाद्य तिला घालू नका. त्यात युरिया असू शकतो आणि एवढ्या लहान वासराला तो चालत नाही.

दूध एकदम नाही, दहा ते चौदा दिवसांत उतरवायचं. आधी संध्याकाळचं निम्मं, मग संध्याकाळचं पूर्ण बंद, मग सकाळचं कमी करत न्यायचं. मध्येच दाणा कमी झाला तर तिथेच थांबा, चार दिवस पुढे गेले म्हणून काही बिघडत नाही. आणि त्या पंधरवड्यात दुसरं काहीही नको: शिंगं जाळणं नको, लस नको, जागा बदलणं नको. ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते, त्यामुळे तिला अजून अवकाश आहे.

आता माणसाळवणं. पकडायला मागे धावू नका. प्रत्येक पाठलाग तिला पळायचंच शिकवतो. दुधाची बादली घेऊन गोठ्यात एक घमेलं उपडं टाका, त्यावर बसा. उभा माणूस वासराला फार मोठा दिसतो. ती येईपर्यंत दुसरीकडे बघत, हळू आवाजात एकाच नावाने बोलत राहा. पहिले दोन दिवस ती पिऊन लगेच पळेल, पळू दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिताना मानेखालच्या पोळीवर बोटं फिरवा. डोक्यावर हात नको, वरून येणाऱ्या हाताला ती बिचकते. एक दिवस पिणं संपेल आणि ती जाणार नाही. मान लांब करेल, डोळे अर्धे मिटतील, ओठ लोंबेल. आमच्याकडच्या एका कालवडीला हे जमायला अकरा दिवस लागले, पण त्यानंतर ती माझा आवाज ऐकून दावणीला यायला लागली.

दूध संपल्या संपल्या मूठभर दाणा तळहातावर धरून तोंडाशी न्या. त्याने दोन कामं होतात. चोखायची ओढ दाण्यावर जाते, म्हणजे ती दुसऱ्या वासराचे कान किंवा बेंबी चोखत बसत नाही. आणि दूध बंद झाल्यावरही तुमच्या हाताला काहीतरी असतं. मग म्होरकी घाला, पाण्यापर्यंत चालवा. रोज मिनिटभर पाय उचला, कासेच्या जागी हात फिरवा. हे आता केलंत तर पहिलारू व्याल्यावर धार काढताना पाय बांधायची वेळ सहसा येत नाही.

खिलारचं वेगळं आहे. ती वासराशिवाय पान्हा सोडणार नाही, म्हणून गोऱ्ह्याला इतक्यात तोडूच नका. धारेआधी लावा, धारेनंतर एक सड त्याला ठेवा, आणि दाणा-चारा वाढवत न्या. काटेरी मुसकं घालू नका, गाईच्या सडाला जखमा होतात. खिलार जात मुळात तापट, त्यामुळे त्याला हाताची सवय कालवडीपेक्षाही जास्त हवी. फक्त मुलांना सांगा, कपाळाला हात लावून ढकलायचा खेळ खेळायचा नाही. आज गंमत वाटते, पण तीच सवय दोन वर्षांनी शिंगांसकट अंगावर येते.

उद्या सकाळी कालवडीला किती दाणा घातला आणि संध्याकाळी किती उरला, ते तीन दिवस लिहून ठेवा आणि इथे टाका. आकडे बघून दूध किती दिवसांत उतरवायचं ते मी नक्की सांगतो.