अ‍ॅगमेम्नॉनने मुलीचा बळी देवीच्या इच्छेने दिला की स्वतःच्या?

दोन्ही, पण दोष त्या ग्रीक राजाचाच, असं माझं ठाम मत आहे. ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'अ‍ॅगमेम्नॉन'मध्ये (इ.स.पू. ४५८) हेलनला पळवणाऱ्या ट्रॉयच्या राजपुत्र पॅरिसला शिक्षा व्हावी ही देवांचा राजा झ्यूसची इच्छा, तर देवी आर्टेमिस त्याची किंमत मागते: राजाची मुलगी इफिजेनिया. ऑलिस बंदरात वारा उलटा, ट्रॉयवर निघालेली जहाजं अडकलेली. राजा रडतो, कचरतो, पण आरमार सोडून देणं त्याला जमत नाही. सक्तीचं जू तो स्वतः मानेवर घेतो, असं कोरस (नाटकातला गायकवृंद) म्हणतो. मग पोरीने घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिचं तोंड बांधायला सांगतो. हे देवीने मागितलं नव्हतं! राणी क्लायटेम्नेस्ट्रा पुढे नवऱ्याला मारते, तेव्हा याच मुलीचा हिशेब मांडते.