वाचकांचे प्रश्न : कीवर्डचा खरा आकडा कोणता?

प्रश्न : मी आकाशनिरीक्षणाविषयीचे संकेतस्थळ चालवतो. ‘ग्रहण’ हा शब्द (कीवर्ड) गूगलवर महिन्याला किती वेळा शोधला जातो हे पाहिले, तेव्हा एका साधनाने १२,००० असा आकडा दिला, दुसऱ्याने त्याच्या निम्मा, आणि शोधांचा कल दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर केवळ १०० दिसले. यांतला कोणता खरा मानावा?

उत्तर : १०० हा आकडा आधी बाजूला ठेवावा, कारण ती शोधांची संख्याच नव्हे. आपण निवडलेल्या काळात आणि प्रदेशात एकूण शोधांमधील त्या शब्दाचा वाटा ज्या वेळी सर्वाधिक होता, त्या वेळेला ट्रेंड्स १०० मानते आणि बाकीच्या वेळा त्याच्या प्रमाणात मांडते. तेथे शून्य दिसले तरी कोणीच शोधले नाही असा अर्थ होत नाही. शोध फार थोडे होते, एवढेच समजावे.

१२,००० हा आकडा गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमधला (जाहिरातदारांना शब्दांच्या शोधांचा अंदाज देणाऱ्या साधनातला) असेल, तर ती सहसा बारा महिन्यांची सरासरी असते आणि तीत शब्दाची जवळची रूपेही मिसळलेली असतात. अकरा महिने प्रत्येकी १,००० शोध आणि ग्रहणाच्या एकाच महिन्यात १,३३,००० शोध झाले, तरी सरासरी १२,०००च येते, आणि प्रत्यक्षात तेवढे शोध एकाही महिन्यात झालेले नसतात. म्हणून सरासरीपेक्षा महिनावार आलेख पाहावा. अन्य साधने आपापल्या पद्धतीने अंदाज बांधतात, त्यामुळे त्यांचे आकडे जुळले नाहीत तर नवल नाही.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आपल्याच संकेतस्थळातून जातो. समजा, ‘दुर्बीण’ या शब्दासाठी आपले पान निकालांत सातत्याने अगदी वर असते आणि सर्च कन्सोलमध्ये (आपले संकेतस्थळ गूगलच्या निकालांत कसे दिसते हे सांगणाऱ्या गूगलच्या साधनात) त्या शब्दावर महिन्याला सुमारे २,००० इंप्रेशन्स, म्हणजे पान निकालांत दिसल्याच्या वेळा, दिसतात. मग त्या शब्दाचे शोधही साधारण तेवढेच आहेत असे धरता येते. (पान दहाव्या-पंधराव्या क्रमांकावर असेल, तर हे गृहीतक टिकत नाही.) आता त्याच देशासाठी व त्याच काळासाठी ट्रेंड्सवर दोन्ही शब्दांची तुलना करावी. ‘दुर्बीण’ची सरासरी १० आणि ‘ग्रहण’ची ४० आली, तर ‘ग्रहण’चे शोध चौपट, म्हणजे सुमारे ८,००० ठरतात.

यात काळाची निवड फार जपून करावी लागते. प्रत्यक्ष ग्रहणाचा दिवस त्या काळात आला, तर त्या शिखरापुढे ‘दुर्बीण’ची रेषा दबून १ वर येईल, आणि ट्रेंड्स पूर्णांकच दाखवत असल्याने तो १ म्हणजे अर्ध्यापासून दीडपर्यंत काहीही असू शकेल, अशा वेळी उत्तरात तिपटीचा फरक पडतो. त्यामुळे तुलनेसाठी ग्रहण नसलेले महिने घ्यावेत आणि ग्रहणाच्या महिन्याचा हिशेब ‘ग्रहण’च्याच आलेखावरून स्वतंत्रपणे करावा.

शब्दाच्या अर्थाकडेही दुर्लक्ष करू नये. ‘ग्रहण करणे’ म्हणजे स्वीकारणे, या अर्थाने शोधणारेही त्याच आकड्यात मोजले जातात, तर रोमन लिपीत टंकणारे त्यातून सुटू शकतात. ‘सूर्यग्रहण’ आणि ‘चंद्रग्रहण’ हे शब्द वेगवेगळे तपासले, तर अर्थाचा हा गोंधळ बराच कमी होतो. लिपीसाठी मात्र रोमन रूपेही स्वतंत्रपणे तपासावी लागतील.