नुसती बघायची नाही, आपणही रेघ ओढू शकू अशी ऑनलाइन चित्रकला कशी शोधावी?

तुम्ही लिहिलंय की चित्रं नुसती सरकवत बसून कंटाळा आलाय, स्वतः हात लावता येईल असं काहीतरी हवंय. मग आधी 'कला' हा शब्द टाकून शोधणं बंद करा. त्यातून वॉलपेपर आणि विकायचे कॅनव्हास मिळतात. ज्या चित्रांची कृती लिहिलेली असते, ती शोधा. ओपनप्रोसेसिंग या साइटवर बसा. तिथे चित्रामागचा प्रोग्राम उघडा असतो, एखादा आकडा बदलला की चित्र बदलतं. मला सोल लेविट हा अमेरिकन कलावंत तिथेच सापडला.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची, तीही कागद न फाटू देता. घणसोलीच्या घराच्या वास्तुशांतीला माझे साडू, कला महाविद्यालयात शिकलेले, चारचौघांत म्हणाले, "तुमचं काय, इंजिनिअरने सांगायचं आणि तुम्ही ओढायचं. त्याला चित्र नाही म्हणत." पाहुणे होते म्हणून मी गप्प बसलो. पण ते आजही डोक्यात आहे.

१९६८ पासून लेविट भिंतीवरच्या चित्रांच्या सूचना लिहायचा आणि काढायचे बहुतेक दुसरेच. त्याचं ११८ क्रमांकाचं चित्र १९७१ चं. कडक पेन्सिलीने भिंतीवर ५० ठिपके टाका, कुठेही, पण सगळीकडे सारखे पसरलेले. मग प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना सरळ रेघेने जोडा. एवढंच. रेघा होतात १२२५.

दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन मी ते हॉलच्या भिंतीवर काढलं. ४एच पेन्सिल, गवंड्याकडून आणलेली सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. त्याहून लांब रेघेला दोरी ताणून खुणा करायच्या आणि पट्टी सरकवत जोडायच्या. वहीत हिशोब नात ठेवायची: पहिल्या ठिपक्याच्या ४९ रेघा, दुसऱ्याच्या ४८, तिसऱ्याच्या ४७. अकरा दिवस लागले. भिंतीचा मधला भाग करडा, दाट झाला आणि कडेला रेघा सुट्या राहिल्या. हे सूचनेत कुठेच लिहिलेलं नाही. आणि ठिपके कुठे टाकायचे हे ठरवायलाच आमची पहिली अख्खी संध्याकाळ गेली. ते कोणी सांगितलं होतं? मीच ठरवलं.

अमेरिकेतल्या मॅस मोका संग्रहालयात २००८ पासून लेविटची १०५ भित्तिचित्रं आहेत. त्यांच्या साइटवर चित्राखाली ते पहिल्यांदा कोणी काढलं त्यांची नावं दिलेली आहेत. आमच्या ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातही 'ड्रॉन बाय'चा रकाना असतो. त्यात ३१ वर्षं माझी आद्याक्षरं आहेत. भिंतीवरही मी तसाच रकाना आखला, माझी आणि नातीची आद्याक्षरं घातली, आणि फोटो साडूंना पाठवला.

बाकीचं थोडक्यात. अ‍ॅरन कोब्लिनचं २००६ चं 'द शीप मार्केट' बघा. अनोळखी लोकांना प्रत्येकी दोन सेंट देऊन डावीकडे तोंड केलेल्या १०,००० मेंढ्या काढून घेतल्यात, आणि एकेक मेंढी वेगळी आहे. गूगलच्या 'क्विक, ड्रॉ!' मध्ये २० सेकंदांत चित्र काढायचं आणि यंत्राने ते ओळखायचं. मुलांना आवडतं, मला घाई नको वाटते. तिथे काढलेली पाच कोटी चित्रं गूगलने सगळ्यांसाठी खुली केलीत, तेव्हा तिथली रेघ आपल्यापुरती राहत नाही हे धरून चाला. आणि हे सगळं मोबाइलवर करू नका, बोटाखाली रेघ दिसत नाही.

घर भाड्याचं असेल तर भिंतीचं मालकाला आधी विचारा. नाहीतर मोठ्या कागदावर १० ठिपक्यांनी सुरुवात करा. ४५ रेघा होतात, २एच पेन्सिल चालेल.